डावें-उजवें

आपला डावा हात कोणता आणि उजवा कोणता, हें ज्ञान मनुष्याला फार लहानपणीं होतें. आणि एकदां तें झालें कीं त्याविषयीं पुन्हां विचार करण्याची पाळी सहसा कोणावर येत नाहीं. आम्ही तर गेलीं तीस वर्षें महाविद्यालयांत तर्कशास्त्र शिकवीत आलों आहों. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं, परक्या देशांत, एका जुन्या मोटारीच्या पोटाखालीं वाकून आम्हांला डाव्या-उजव्याचा धडा नव्यानें गिरवावा लागेल असें भविष्य कोणी वर्तविलें असतें, तर आम्हीं त्या ज्योतिषाला हंसून वाटेस लावलें असतें. परंतु तसें घडलें खरें. आणि त्या धड्याची दक्षिणा आम्हांस जड गेली असली तरी धडा वाया गेला असें मात्र वाटत नाहीं.

आमचा मुलगा अमेरिकेंत मिशिगन राज्यांत, डेट्रॉइटच्या एका उपनगरांत राहतो. नऊ वर्षांपूर्वीं तो पदार्थविज्ञानांत डॉक्टरेट मिळविण्यासाठीं तिकडे गेला, आणि तिसऱ्या वर्षीं तें काम अर्धवट टाकून मोटारींच्या इंजिनांची चांचणी घेणाऱ्या एका कारखान्यांत नोकरीस लागला. त्या वेळीं आम्हीं त्याला एक पत्र लिहिलें. त्या पत्रांत व्याकरणाची एकही चूक नव्हती, आणि बापानें मुलाला लिहावें असें एकही वाक्य नव्हतें. त्याचें उत्तर आलें नाहीं. पुढचीं सहा वर्षें आम्हां दोघांचा व्यवहार त्याच्या आईमार्फत चालला. दर रविवारीं सकाळीं फोन येई. आम्ही शेजारच्या खुर्चींत वर्तमानपत्र उघडून बसत असूं. आणि फोन ठेवल्यावर ती आम्हांला सारा वृत्तान्त सांगे. "तुमच्या प्रकृतीचं विचारीत होता." "म्हणाला, बाबांचं तसं चुकलं नव्हतं." हें ऐकून आमचें समाधान होई. ज्याअर्थीं मुलाला पश्चात्ताप झाला आहे त्याअर्थीं आपण होऊन कांहीं बोलण्याचें आपणांस कारण नाहीं, असें अनुमान आम्ही काढीत असूं. तर्कशास्त्राच्या अध्यापकाला अनुमानें काढण्याची घाई असते. आधारवाक्य खरें आहे कीं नाहीं हें पाहण्याचें काम तो विद्यार्थ्यांवर सोपवितो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत तिकडे जाण्याचें ठरलें तें पत्नीच्या आग्रहानें. ऐन वेळीं तिची आई पडून हाड मोडून बसली, म्हणून ती पुण्यास राहिली आणि आम्ही एकटेच विमानांत बसलों. पहिले चार दिवस आम्ही दोघे एकमेकांशीं अतिशय सभ्यपणानें वागलों. चहा हवा का, झोंप लागली का, हवा कशी आहे, एवढ्या तीन प्रश्नांवर चार दिवस काढतां येतात हें आम्हांस त्या वेळीं कळलें. पांचव्या दिवशीं शनिवार आला, आणि बोलण्यासारखें कांहींच उरलें नाहीं म्हणून आम्ही त्याच्या मागोमाग गॅरेजांत गेलों.

तेथें १९७२ सालची एक शेव्हरोले पिक-अप गाडी लांकडी ठोकळ्यांवर उभी होती. मिशिगनमध्यें हिवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि त्या मिठानें गाड्यांचे पत्रे खालून कुजत जातात. ही गाडी दक्षिणेकडच्या कोरड्या मुलखांतून आणलेली, म्हणून तिचा सांगाडा शाबूत होता. तिचें मूळचें सहा सिलिंडरांचें इंजिन मात्र थकलें होतें. तें काढून, २००४ सालच्या एका अपघातांत मोडलेल्या पिक-अपमधलें आठ सिलिंडरांचें, ५.३ लिटरचें इंजिन तिच्यांत बसवावयाचें, हा चिरंजिवांचा संकल्प. दोन्ही इंजिनें एकाच घराण्यांतलीं. पण मध्यें बत्तीस वर्षांचें अंतर. जुन्या इंजिनाला कार्ब्युरेटर पेट्रोल पाजी; आपण काय जाळलें आणि काय वाया घालविलें याची त्याला शुद्ध नसे. नवें इंजिन प्रत्येक श्वासाचा हिशेब ठेवणारें.

तें उघडें गॅरेज आणि तो तेलाचा वास यांनीं आम्हांला एकाएकीं पुण्याची एक सकाळ आठवली. आमच्याकडे तेव्हां एक बजाज चेतक स्कूटर होती. सायलेन्सरमध्यें काजळी सांठली कीं कोंपऱ्यावरचा मेकॅनिक तो काढून, जाळ करून त्यांत भाजीत असे. मुलगा तेव्हां आठ-नऊ वर्षांचा असेल. तो त्या जाळाजवळ उकिडवा बसून, धूर कोठून येतो आणि कोठें जातो याचे प्रश्न त्या मेकॅनिकला विचारीत होता. आणि आम्हीं त्याला हात धरून घरीं आणलें, कारण दुसऱ्या दिवशीं त्याची इतिहासाची परीक्षा होती. त्या परीक्षेंत त्याला किती गुण मिळाले हें आज कोणालाच सांगतां येणार नाहीं. तो जाळ मात्र आम्हां दोघांच्याही स्मरणांत आहे, हें पुढें बोलण्यांत निघालें.

"यांत माझं कांहीं काम आहे का?" आम्हीं विचारलें. त्यानें क्षणभर आमच्याकडे पाहिलें आणि एक पाना आमच्या हातांत दिला.

पुढचे तीन आठवडे आम्ही संध्याकाळीं आणि सुटीच्या दिवशीं त्याच्या हाताखालीं उमेदवारी केली. काम मुख्यतः धूर बाहेर नेण्याचें होतें. त्या इंजिनाला कारखान्यानें दिलेले मॅनिफोल्ड बिडाचे, आंखूड आणि बोजड असतात. एकेका बाजूच्या चार सिलिंडरांचा धूर त्यांत एकाच बोळांत लोटला जातो, आणि एकाचा झोत दुसऱ्याच्या वाटेंत येतो. त्यांच्या जागीं जे हेडर बसवितात त्यांत प्रत्येक सिलिंडराला स्वतंत्र नळी असते. आमच्या नळ्या पावणेदोन इंच व्यासाच्या होत्या. चारही नळ्या बांक घेत खालीं येतात आणि मग एका रुंद नळकांड्यांत मिळतात. नळीची लांबी बेताची असली तर एक झोत पुढें धांवतांना आपल्या मागें थोडी पोकळी ठेवून जातो, आणि ती पोकळी पाठीमागच्या धुराला ओढून घेते. तंटा करणारे चौघे वेगळे केले म्हणजे एकमेकांच्या उपयोगी पडूं लागतात, हा एकत्र कुटुंबांतला अनुभव लोखंडालाही लागू आहे हें पाहून आम्हांस गंमत वाटली.

परंतु हेडर गाडींत उतरविणें ही गंमत नव्हे. डावीकडे स्टिअरिंगचा दांडा आडवा येई. तो हेडर आम्हीं तीनदां आंत घातला आणि तीनदां बाहेर काढला. बोल्ट लावण्याचीही एक रीत आहे. सगळे बोल्ट आधीं हातानें दोन-तीन आटे बसवावयाचे, आणि मग मधल्यापासून आरंभ करून कडेकडे घट्ट करीत जावयाचें. आम्हीं उत्साहाच्या भरांत कडेचा एक बोल्ट प्रथमच आवळून टाकला, तेव्हां शेवटचा बोल्ट आपल्या भोंकाकडे पाहावयासही तयार होईना. मुलानें कांहीं न बोलतां सगळे ढिले केले आणि पुन्हां आरंभ केला. आपण त्याला बीजगणित शिकवीत होतों तेव्हां इतके शांत होतों काय, असा प्रश्न मनांत येऊन गेला. उत्तर आम्हांस ठाऊक होतें.

ज्या नळकांड्यांत चार नळ्या मिळतात तेथें अठरा मिलिमीटर आट्यांचें एक भोंक ठेवलेलें असतें. त्यांत ऑक्सिजन सेन्सर बसतो. एकाच नळीवर तो बसविला तर एकाच सिलिंडराची हकीकत सांगेल. संगमावर बसविला म्हणजे चौघांची मिळून सांगतो. त्याचें तोंड आडव्या रेषेच्या किंचित् वर राहील असा बसवावा लागतो, नाहीं तर धुरांतल्या वाफेचें पाणी त्यावर सांचून तो तडकतो. दिसावयास तो स्पार्क प्लगचा भाऊ. पोटांत झिर्कोनियाची एक टोपी, तिच्या आंतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर. एका अंगाला धूर आणि दुसऱ्या अंगाला आपली बाहेरची हवा. टोपी तीनशें अंश सेल्सियसच्या वर तापली कीं दोन्हींकडच्या ऑक्सिजनमधील तफावतीनें तिच्यांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते. धुरांत ऑक्सिजन उरला नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त झालें असेल, तर जवळजवळ नऊ-दशांश व्होल्ट. ऑक्सिजन उरला असेल, म्हणजे पेट्रोल कमी पडलें असेल, तर सुमारें एक-दशांश. या विजेचें गणित वाल्थर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञानें १८८९ सालीं मांडलें, आणि झिर्कोनियाच्या कांडीचा एक दिवाही त्यानेंच पुढें तयार केला. मोटारीच्या धुरांत ही युक्ति घालण्याचें काम बॉश कंपनीनें केलें, आणि १९७६ सालीं व्होल्व्होच्या अमेरिकेंत जाणाऱ्या गाड्यांत तो सेन्सर प्रथम बसला. एक भाग पेट्रोलास वजनानें १४.७ भाग हवा, या प्रमाणाच्या आसपास मिश्रण राहिलें तरच पुढच्या डब्यांतले प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे धातु धुरांतलें विष मारूं शकतात. म्हणून त्या प्रमाणावर हा पहारेकरी. पेट्रोलांतलें शिसें त्यालाही मारतें आणि त्या धातूंनाही. आपल्या देशांत शिशाचें पेट्रोल २००० सालीं बंद झालें, त्यामागें हेंही एक कारण होतें.

आतां आमच्या अपराधाकडे वळूं. आठ सिलिंडर दोन पंक्तींत असतात, चार डावीकडे आणि चार उजवीकडे. डाव्या पंक्तीचा सेन्सर वेगळा, उजवीचा वेगळा. आणि संगणक त्या त्या सेन्सरचें ऐकून त्या त्या पंक्तीचें पेट्रोल कमी-जास्त करतो. लांब हेडर घातल्यामुळें सेन्सर मागें सरकले, मूळच्या तारा पुरेनात, म्हणून त्यांना जोड द्यावा लागला. इंजिन अजून स्टँडवर असतांना मुलानें तारांचा झुबका त्यावर पसरला आणि आम्हांस म्हणाला, "बाबा, तुमचं अक्षर चांगलं आहे. या दोन टोकांना चिठ्ठ्या लावा, डावं आणि उजवं." आम्हीं इंजिनाच्या समोर उभे राहून, शाईच्या जाड लेखणीनें, एकावर 'डा' आणि दुसऱ्यावर 'उ' असें रेखीव अक्षरांत लिहून चिकटविलें. पुढें तीं दोन्ही टोकें गिअरबॉक्सच्या मागें एकत्र बांधलीं गेलीं. आणि गाडीखालीं निजून जोडणी करणाऱ्या मुलाला आमच्या अक्षरावांचून दुसरा आधार राहिला नाहीं.

इंजिन पहिल्या हाकेला ओ देऊन सुरू झालें. आम्हीं टाळी वाजविली. पहिलें मिनिट-दीड मिनिट तें छान चाललें. कारण सेन्सर तापेपर्यंत संगणक त्यांचें ऐकतच नाहीं, आपल्या पाठ केलेल्या कोष्टकावर चालतो. मग मात्र तें अडखळूं लागलें. थोड्या वेळानें डावीकडच्या नळींतून पेट्रोलचा उग्र दर्प येऊं लागला आणि उजवी बाजू ठसकूं लागली. संगणकाला यंत्र लावून विचारलें तेव्हां त्यानें दोन तक्रारी सांगितल्या: पी ०१७१, म्हणजे डाव्या पंक्तींत पेट्रोल कमी, आणि पी ०१७५, म्हणजे उजव्या पंक्तींत पेट्रोल जास्त. नाकाला समजे त्याच्या नेमकें उलट.

मुलाचा पहिला संशय डाव्या हेडरच्या गॅस्केटवर गेला. सेन्सरच्या आधीं कोठें बारीक फट असली तर धूर बाहेर जातो एवढेंच होत नाहीं. धूर झोताझोतानें वाहतो. दोन झोतांच्या मध्यें नळींतला दाब बाहेरच्यापेक्षां कमी होतो आणि त्या क्षणीं फटींतून बाहेरची हवा आंत शिरते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, तो 'पेट्रोल कमी आहे' असें कळवितो, आणि संगणक भरल्या पोटीं आणखी वाढतो. दोन दिवस आम्ही त्या फटीच्या शोधांत होतों. गॅस्केट बदललें, बोल्ट पुन्हां आवळले.

"तो खोटं सांगत नाहीं, बाबा," मुलगा गाडीखालून म्हणाला. "त्याच्यापर्यंत जें पोंचतं तेंच तो सांगतो. मध्यें बाहेरची हवा मिसळली तर त्याचा काय दोष?"

आम्ही दिवा धरून बसलों होतों. तोंडासमोर माणूस नसला म्हणजे कांहीं गोष्टी विचारणें सोपें जातें. आम्हीं विचारलें, "तूं आईजवळ कधीं म्हणाला होतास का, कीं बाबांचं तसं चुकलं नव्हतं?"

खालचा पाना थांबला. "मी? नाहीं." थोड्या वेळानें तो म्हणाला, "आई मला सांगायची, तुम्ही दर रविवारीं माझ्या कामाची चौकशी करतां म्हणून. कोणतं इंजिन, कसली चांचणी, सगळं विचारतां म्हणून."

आम्हीं एकदांही विचारलें नव्हतें. तें आम्हीं त्याला सांगितलें. तो कांहींच बोलला नाहीं. त्यानें हात बाहेर काढून अर्ध्या इंचाचा पाना मागितला आणि आम्हीं तो दिला. सहा वर्षें त्या माउलीनें दोन्ही बाजूंना आपल्या पदरची हवा मिसळून आम्हांला जगविलें होतें. दोष तिचा नव्हता. तिच्याकडे पोंचविण्यासारखें आम्हीं दोघांनींही कांहीं दिलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं आमच्यांतला अध्यापक जागा झाला. आम्ही म्हणालों, "तुझी फट डाव्या बाजूचा उलगडा करते. पण उजवीकडे पेट्रोल जास्त असल्याची तक्रार आहे आणि तिकडे तर इंजिन उपाशीं ठसकतंय, त्याचं काय? जें अनुमान अर्ध्याच गोष्टींना लागू पडतं तें सोडून द्यावं. दोन्ही बाजूंना एकदम लागू पडेल असं एकच कारण शोध." वर्गांत शिकविलेली अव्याप्ति प्रत्यक्षांत लागू करतांना पाहून आम्ही स्वतःवर बेहद्द खूष झालों होतों.

त्यानें पेला खालीं ठेवला. "बाबा, त्या चिठ्ठ्या लावल्यात तेव्हां तुम्ही कुठं उभे होतां?"

"इंजिनासमोर."

"मग डावं तें कुणाचं? तुमचं कीं गाडीचं?"

मोटारीचें डावें-उजवें हें आंत बसून पुढें पाहणाऱ्याचें असतें. समोर उभे राहून तिच्या तोंडाकडे पाहणाऱ्याचा उजवा हात तिच्या डाव्या अंगाला येतो. आम्हीं आपलें डावें तेंच जगाचें डावें असें धरून चाललों होतों. त्यामुळें काय झालें तें पाहावें: डाव्या पंक्तीला पेट्रोल थोडें जास्त जाई, त्याची वर्दी उजवीच्या नांवानें लागे, संगणक उजवीचें तोडी, उजवी उपाशीं पडली कीं ती वर्दी डावीच्या नांवानें लागे, आणि संगणक डावीला आणखी पाजी. जितका तो चूक सुधारावयास जाई तितकी ती वाढे. हेतु शुद्ध, साक्षीदार प्रामाणिक, न्यायाधीश तत्पर. आणि न्याय मात्र उफराटा.

आम्हीं त्या पत्राला न्याय म्हणत आलों होतों. मुलाच्या समोर, म्हणजे त्याच्या विरुद्ध तोंड करून, उभे राहून आम्हीं त्याच्या आयुष्यावर 'डावें' अशी चिठ्ठी लावली होती. त्याच्या जागीं बसून पुढें पाहिलें असतें तर ती बाजू कोणती दिसली असती, हें आम्हीं कधींच पाहिलें नव्हतें.

"चूक माझी," आम्ही म्हणालों. आणि जवळजवळ तितक्याच श्वासांत, नाहीं तर तें पुन्हां जमलें नसतें, "त्या पत्राचीही."

त्यानें वर पाहिलें नाहीं. "चिठ्ठ्या मीसुद्धां तपासायला हव्या होत्या," एवढेंच तो म्हणाला. पत्राविषयीं तो कांहीं बोलला नाहीं. परंतु गॅरेजांत गेल्यावर तो गाडीखालीं निजला नाहीं. आम्हांलाच खालीं सरकूं दिलें, आणि वर उभा राहून त्यानें दिवा धरला. दोन्ही टोकें सोडवून अदलाबदल करून लावावयास पांच मिनिटें पुरलीं. चिठ्ठ्या आम्ही काढून टाकणार होतों. त्यानें त्या काढूं दिल्या नाहींत. 'डा'पुढें स्वतःच्या हातानें त्यानें कंसांत 'समोरून' असें लिहिलें, आणि तें अक्षर आमच्या अक्षरासारखेंच निघालें.

संगणकाची स्मृति पुसून इंजिन सुरू केलें. मिनिट झालें, दोन झालीं. ठसका आला नाहीं. दोन्ही सेन्सरांचा आंकडा एक-दशांश आणि नऊ-दशांश यांच्या मध्यें वर-खालीं हेलकावे घेऊं लागला. "हे असं सारखं चुकतच राहायचं का?" आम्हीं विचारलें. "हो," तो म्हणाला, "एकदां इकडे, एकदां तिकडे. स्थिर राहिला तर समजायचं कीं तो मेला."

परत आल्याला आतां आठ महिने झाले. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज सहाचे नियम आले, आणि तेव्हांपासून कोंपऱ्यावरच्या नव्या स्कूटरींतही तो झिर्कोनियाचा पहारेकरी येऊन बसला आहे. परवां एका मेकॅनिकच्या दुकानापाशीं आम्ही त्यासाठीं दहा मिनिटें उभे राहिलों. रविवारचा फोन अजून येतो. आतां पत्नी थोडें बोलते आणि तो आमच्या हातांत देते. "माझं काम संपलं म्हणायचं," असें ती एकदां म्हणाली, त्यांत तक्रार किती आणि समाधान किती तें आम्हांस कळलें नाहीं, आणि आम्हीं त्याचें अनुमानही काढलें नाहीं, तिलाच विचारलें.

फोनवर आमचें दोघांचें बोलणें फार होत नाहीं. आरंभीं बराच वेळ कोणालाच कांहीं सुचत नाहीं. पण तापावयास थोडा वेळ लागतो हें आतां आम्हांला ठाऊक आहे. तोंपर्यंत आम्ही फोन खालीं ठेवीत नाहीं.